टमरेल, खुरपं आणि झाकणाची बादली: चोरलच्या जंगलात मुक्काम करताना

पहिल्यांदा इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला तंबू टाकले तेव्हा ऑगस्ट होता. सहा कुटुंबं, चौदा डोकी, पिशव्या भरून पोहे-शेव आणि सगळ्यांत मिळून एक खुरपं. "ज्याला जायचं त्यानं खड्डा करून जावं", एवढाच नियम. काळ्या मातीत खड्डा केला की मिनिटाभरात तो पाण्यानं भरायचा. लोकांनी मग झुडपाआड जागा शोधल्या आणि वरून चार पानं टाकली. रात्री मोठी सर आली. सकाळी चहाचं पाणी आणायला ओढ्यावर गेलेली माझी भाची रिकामी कळशी घेऊन परत आली. म्हणाली, "मावशी, तिथलं पाणी नको." का ते तिनं सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही.

आपण इंदूरचे लोक. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर, त्याची ऐट आपल्या बोलण्यात येतेच. रस्त्यावर कागद टाकणाऱ्याला आपण हटकतो. पण महू सोडून घाट उतरायला लागलो की तीच माणसं 'जंगल आहे, चालतं' म्हणतात. त्या सकाळनंतर मी हा विषय जरा नेटानं शिकून घेतला. घरच्यांनी नाकं मुरडली, पण आता आमच्या टोळीचं हे खातं माझ्याकडेच आहे.

आधी पाणी कुठे जातं ते बघा

जागा शोधताना माणूस आडोसा बघतो. बघायचा असतो उतार.

आपल्याकडे माळव्याचं पठार जिथे संपतं, तिथे पाण्याच्या वाटा फुटतात. जानापावच्या डोंगरावरून चंबळ उत्तरेला निघते आणि यमुनेला मिळते. चोरल नदी मात्र पातालपानीच्या धबधब्यात खाली उडी घेते, कालाकुंडावरून दक्षिणेला जाते आणि बडवाहजवळ नर्मदेला मिळते. आता गंमत बघा. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून पंपानं चढवून. आणि जलूद आहे बडवाहच्या खालच्या अंगाला. म्हणजे चोरलच्या काठी आपण जे सोडून आलो, ते फिरून आपल्याच नळाच्या दिशेनं निघतं. शहरात येण्याआधी ते शुद्ध होतं, ही आपली सोय. वाटेतल्या पाड्यांवरच्या बायका मात्र झिऱ्यातून थेट हंडा भरतात. त्यांच्यासाठी कुठलंही जलशुद्धीकरण केंद्र नाही.

विष्ठेतून काय जातं, हे थोडक्यात. जुलाबाचे जंतू, टायफॉइड, काविळीतला हिपॅटायटिस ए आणि ई, जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी, जंतांची अंडी. जंतांची अंडी तर मातीत काही वर्षं टिकतात. 'पुरलं की संपलं' असं नसतं. पुरल्यामुळे माशी बसत नाही, डुक्कर-कुत्रं सहज पोचत नाही आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ते ओढ्यात जात नाही. बाकीचं काम माती करते, पण तिच्या वेगानं.

म्हणून मुक्कामाला पोचल्यावर तंबू ठोकण्याआधी दहा मिनिटं फिरा. ओढा, झिरा, विहीर, सुकलेला नाला कुठे आहे ते बघा. सुकलेला नाला हा नालाच धरायचा. पावसाळ्यात वर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथे ऊन असताना लोंढा येतो. पातालपानीला २०११ साली असाच अचानक आलेला लोंढा माणसं घेऊन गेला होता. अशा जागी तंबूही नको आणि खड्डाही नको.

आणि या सगळ्याच्या आधी सर्वांत चांगला उपाय म्हणजे जंगलात न जाणं. सकाळी ढाब्यावरचा, गावातल्या शाळेजवळचा किंवा ओळखीच्या घरचा संडास मिळत असेल तर दोन किलोमीटर चालून तिथे जा. विचारायला लाजू नका. "काकू, जरा जाऊन येऊ का?" या प्रश्नाला आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. जाताना बादलीभर पाणी स्वतः भरून ठेवा, एवढं पाळा. मुक्कामासाठी जंगल खात्याच्या रेंज ऑफिसात विचारायला जालच, तेव्हा जवळचा संडास कुठे हेही विचारून घ्या.

पिशवीत काय हवं

नेटवर या विषयावर जे सापडतं ते बहुतेक कागद वापरणाऱ्यांनी कागद वापरणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. आपला कारभार पाण्याचा. त्यामुळे सामान बदलतं आणि चुकाही बदलतात. कागदवाल्यांची चूक म्हणजे झाडाझुडपांवर फडफडणारे पांढरे तुकडे. आपली चूक म्हणजे 'पाणी जवळ आहे' म्हणून ओढ्यातच धुणं. दुसरी चूक दिसत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

एक लिटरची बाटली घ्या आणि तिच्या झाकणाला तापलेल्या सुईनं तीन-चार भोकं पाडा. दाबली की धार येते. टमरेलात जिथे लिटरभर लागतं, तिथे अर्ध्या लिटरात काम होतं. या बाटलीला लाल चिकटपट्टी गुंडाळा. आमच्याकडे एका काकांनी अंधारात तिच्यातून दोन घोट घेतले होते. बाटली कोरी होती, पण काकांची समजूत काढायला अर्धी रात्र गेली.

खोदायला खुरपं चालतं, पण फक्त पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला. मार्चनंतर काळी माती दगडासारखी होते, तेव्हा इंदूरच्या सियागंज बाजारात मिळते तशी लहान लोखंडी कुदळ लागते. नुसत्या काठीनं कुणी वीतभर खोदत नाही. वरवर उकरतात आणि निघून येतात. अवजार चांगलं असेल तरच खड्डा खोल होतो, हा माझा अनुभव.

शिवाय साबणाची वडी जाळीच्या पिशवीत, टॉर्च, शिट्टी, जुनी वर्तमानपत्रं, जाड काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, आणि रंगाची रिकामी बादली. दहा लिटरची, घट्ट झाकणाची. तिच्याबद्दल पुढे.

खड्डा कसा करायचा

हे कोरड्या दिवसांसाठी, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे.

जागा पाण्यापासून, पायवाटेपासून आणि तंबूपासून निदान ६० मीटर लांब हवी. मोठ्या माणसाची ऐंशी-नव्वद पावलं. मोजत जा, अंदाज नको. घाईत साठ पावलांना शंभर झाल्यासारखं वाटतं. विहीर किंवा झिरा असेल तर मी शंभर मीटरच्या आत जात नाही आणि त्याच्या वरच्या उतारावर तर अजिबात नाही. आपल्या जमिनीखाली काळा पत्थर आहे, बेसाल्ट. त्याच्या भेगांतून पाणी गाळून न घेता लांबवर जातं. वाळूत जसं पाणी झिरपताना निवळतं तसं इथे होत नाही.

माती कुठली? झाडाखाली पाचोळा कुजून झालेली, हातात घेतली तर भुसभुशीत आणि थोडी ओलसर असलेली सर्वांत चांगली. ऊन थोडं पोचत असेल तर अजून बरं. निव्वळ मुरमात जंतू कमी, कुजणं मंद. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, काही तर हातभर खोल. अशा भेगेजवळ बसू नका. धुतलेलं पाणी सरळ खाली उतरतं. तीच माती पावसात फुगून बंद होते आणि पाणी वरच तुंबतं. दोन्ही ऋतूंत तिची तऱ्हा वेगळी, म्हणून जमीन बघून ठरवायचं.

खोली एक वीत, जराशी कमी. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर १५ ते २०. रुंदी पंजाएवढी. अतिउत्साही मंडळी हातभर खोदतात, ते उलट वाईट. कुजवणारे जंतू आणि किडे वरच्या थरात राहतात. खाली गेलं की हवा नाही, जीव नाही, वर्षभरानंतरही सगळं तसंच. वरचं गवताचं ढेकूळ अलगद काढून बाजूला ठेवा, ते शेवटी झाकणाला येतं. निघालेली माती उजव्या हाताशी, बाटली डाव्या.

उकिडवं बसणं आपल्याला जमतं, निदान जमायचं. गुडघे कुरकुरत असतील तर शेजारी एखादं बारीक झाड बघून ठेवा आणि त्याला धरा. उताराकडे तोंड करून बसा, पाठ करून नाही. हे का ते एकदा चुकल्यावर कळतं, माझ्यावर विश्वास ठेवलात तर चुकायची गरज नाही.

धुणं खड्ड्यावरच. सगळं पाणी खड्ड्यात गेलं पाहिजे. मग थोडी माती टाका, एका काडीनं ढवळा, काडी आतच टाका. ढवळायला किळस येते, पण माती मिसळली की कुजणं लवकर होतं. उरलेली माती लोटा, पायानं दाबा, ढेकूळ परत बसवा, वर पाचोळा. रानडुकरांचा माग दिसत असेल तर वर एक जड दगड ठेवा. नुसताच दगड ठेवून खाली न पुरता येणं ही पळवाट झाली.

चुना, फिनेल, ब्लीचिंग पावडर खड्ड्यात टाकू नका. शहरातली सवय हात पुढे करायला लावते, पण ज्या जंतूंनी कुजवायचं त्यांनाच आपण मारतो. कागद वापरला असेल तर जाळू नका. उन्हाळ्यात सागाच्या पाचोळ्याला ठिणगी पुरते. कागद पिशवीत घालून परत आणा. ओले वाइप तर नक्कीच, त्यात बहुतेक वेळा प्लास्टिकचा धागा असतो.

हात. साबण आणि पाणी, वीस सेकंद, नखांसकट, आणि तेही ओढ्यात नाही. ओढ्यापासून त्याच साठ मीटरवर, दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यानं, बाटली दुसऱ्यानं धरलेली. 'नैसर्गिक' किंवा 'हर्बल' लिहिलेला साबणही प्रवाहात नको, तो मातीतच विरतो. सॅनिटायझरवर सगळं सोडू नका. जुलाब करणाऱ्या काही विषाणूंवर आणि जंतांच्या अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. आमच्या टोळीत आजवर जेवढी पोटं बिघडली ती पाण्यानं कमी आणि शेवेच्या एकाच पिशवीत बारा हात गेल्यानं जास्त.

दहापेक्षा जास्त माणसं असतील तर

प्रत्येकानं वेगळा खड्डा करायचा म्हटलं की दोन दिवसांत आजूबाजूची चाळण होते, आणि लहान मुलं कुठे जातात ते देवाला माहीत. अशा वेळी एक चर खोदा. वीतभर खोल, वीतभर रुंद, लांबी दोन-अडीच मीटर. एका टोकापासून सुरू करायचं, ज्यानं त्यानं आपलं झाकायचं, पुढच्यानं पुढे सरकायचं. बाजूला मातीचा ढीग आणि त्यात फावडं. भोवती दोन जुनी चादरं दोरीवर.

आत कोणी आहे का हे ओरडून विचारण्यापेक्षा खूण ठेवा. आमच्याकडे वाटेवरच्या फांदीला लाल टमरेल टांगलेलं असतं. जाताना घेऊन जायचं, येताना टांगायचं. टमरेल जागेवर नाही म्हणजे थांबा. सत्तरीच्या आजीपासून चार वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना हे कळतं.

मराठीत माणसाच्या विष्ठेच्या खताला सोनखत म्हणतात, हे मुलांना सांगितलं की हसण्याची लाट येते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी आप्पासाहेब पटवर्धनांनी माती-पाचोळ्यानं झाकून खत करण्याचा संडास गावोगाव पोचवायचा प्रयत्न केला, तो याच विचारातून. फरक एवढाच की ते खत व्हायला कित्येक महिने आणि रोजची निगा लागते. आपण रविवारी संध्याकाळी परत निघतो.

पावसाळा: पुरू नका, परत आणा

आता बादली. खरं सांगायचं तर हा सगळा लेख मी बादलीसाठी लिहायला घेतला, कारण आपण चोरल, कजलीगढ, मानपूरकडे जातो ते नेमके जुलै ते सप्टेंबरमध्ये, धबधबे बघायला. तेव्हा पुरायला जागाच नसते. माती पाण्यानं भरलेली, उतार वाहता, खड्डा म्हणजे डबकं. अशा वेळी बरोबर घेऊन येणं एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. हे फार काही जगावेगळं नाही. एव्हरेस्टच्या बाजूला २०२४ पासून गिर्यारोहकांना आपली विष्ठा पिशवीत घालून बेस कॅम्पला परत आणावी लागते. हिमालयात उंचीवर थंडीमुळे काही कुजत नाही, आपल्याकडे पावसामुळे काही जागेवर राहत नाही.

बादलीत आधी एक जाड काळी पिशवी घाला आणि काठावरून बाहेर दुमडा. तिच्यात दुसरी पिशवी. तळाला फाडलेलं वर्तमानपत्र आणि चार मुठी लाकडाचा भुसा. वखारीत भुसा मागितला तर पोतंभर मिळतो. चुलीची थंड राखही चालते. 'थंड' या शब्दावर जोर आहे, पिशवी वितळली तर काय होईल ते मी लिहिणार नाही. काठावर जुन्या कमोडची सीट बसते का बघा. बसली तर आजी-आजोबांचा दुवा मिळेल.

लघवी बादलीत नको. ती बाहेर, पाण्यापासून लांब, मुरमावर किंवा दगडावर. दोन्ही एकत्र झालं की वास आणि वजन दोन्ही वाढतं. धुणंही बादलीच्या बाहेर करावं लागतं. आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यानं जमेल तेवढं पुसा, तुकडा बादलीत. मग ओढ्यापासून लांब, छोट्या उथळ खड्ड्यावर थोड्या पाण्यानं धुवा आणि तो बुजवा. पुसणं हा शब्द ऐकून आमच्या सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते मी विसरणार नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच नातवाला समजावलं.

प्रत्येक वेळी वर दोन मुठी भुसा, झाकण घट्ट. एका माणसाचं एका वेळचं साधारण पाव किलो धरा, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत सहा जणांचे दोन दिवस आरामात निघतात. निघताना आतल्या पिशवीची हवा काढा, पीळ देऊन गाठ मारा, मग बाहेरच्या पिशवीची गाठ, मग झाकण, झाकणावर चिकटपट्टी. बादली गाडीत सरळ उभी, खाण्याच्या सामानापासून लांब. पाठीवर न्यायची असेल तर बादलीऐवजी रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहा. लोणच्याच्या बरणीसारखी दिसते, धोका ओळखा.

बायकांसाठी थोडं वेगळं

अंधाराची भीती म्हणून बायका संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात. सकाळी डोकं दुखतं, आठवड्यानं लघवीला जळजळ होते. हे टाळायचं तर जागा उजेडी ठरवा आणि रात्री दोघींनी मिळून जा. एक बसेल, एक पाठ करून टॉर्च धरून उभी राहील. महू-चोरलच्या जंगलात बिबट्या आहे. खाली वाकलेलं, एकटं, शांत माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही, म्हणून बोलत राहा. आम्ही दोघी जावा अशा वेळी मुलांच्या परीक्षांबद्दल बोलतो, बिबट्या काय कोणीच जवळ येत नाही. रात्री साठ मीटर जाणं धोक्याचं वाटत असेल तर बादली तंबूच्या पंचवीस पावलांवर ठेवा. बादलीचा हा आणखी एक फायदा.

पॅड पुरू नये, जाळू नये. कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, परत शहरात. पाळीचा कप वापरत असाल तर तो खड्ड्यात रिकामा करा आणि प्यायच्या पाण्यानंच धुवा. बाळाच्या डायपरमधलं खड्ड्यात किंवा बादलीत, डायपर पॅडच्या पिशवीत.

कुणाचं पोट बिघडलं तर

त्या माणसाला स्वतःची बाटली, स्वतःचा साबण आणि चराच्या शेवटच्या टोकाची जागा द्या. ओआरएस सुरू करा. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस त्यानं स्वयंपाकाला, पाण्याच्या पिंपाला, शेवेच्या पिशवीला हात लावायचा नाही. रक्त पडत असेल, ताप चढत असेल किंवा लघवी कमी झाली असेल तर मुक्काम गुंडाळा आणि महू गाठा.

घरी आल्यावर

बादली थेट संडासात न्या. हातमोजे घाला, आतली पिशवी कापा, विष्ठा कमोडमध्ये थोडी थोडी टाकून फ्लश करा. भुसा आणि कागद शक्य तेवढा बाजूला ठेवा, नाहीतर प्लंबरला बोलवावं लागेल आणि त्याला काय सांगायचं हा प्रश्न पडेल. रिकाम्या पिशव्या, खराब कागद, भुसा, हातमोजे एका पिशवीत बांधा. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा द्यावा लागतो, त्यातला सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा याचसाठी. ओल्या कचऱ्यात टाकू नका, त्याचं खत आणि गॅस होतो आणि तिथे माणसं हातानं काम करतात.

बादली साबणानं धुवा, मग पाण्यात ब्लीच घालून अर्धा तास भरून ठेवा, ओता आणि गच्चीवर उन्हात पालथी घाला. आमची बादली दोन दिवस गच्चीवर असते. शेजारच्या वहिनींनी एकदा कपडे भिजवायला मागितली होती. मी दुसरी दिली.